भाजक कुठल्या ठाण्याचा?

प्रश्न : आदरणीय मॅडम, मी घणसोलीत राहते, एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करतेय. ठाणे जिल्ह्यातल्या डेंगीवर प्रोजेक्ट आहे. २०१२ ते २०१९ चे रुग्ण एक्सेलमध्ये भरले आणि २०११ च्या जनगणनेने भागून लाखामागे दर काढला. २०१४ नंतर दर धाडकन खाली येतो. हे फवारणीचं यश म्हणून लिहू का? गाईड सर ‘लिही’ म्हणतात, मला धीर होत नाही.
— एक विद्यार्थिनी

उत्तर : होत नाही तेच बरं. अगं, १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. तेव्हापासून वसई, डहाणू, जव्हारचे रुग्ण तुझ्या शीटमध्ये येतच नाहीत. भाजक मात्र अजून अखंड ठाण्याचा, १ कोटी १० लाख ६० हजार. त्यातून पालघरचे जवळजवळ ३० लाख काढ, उरतात ८० लाख ७० हजार. उरलेल्या ठाण्यात डेंगी जशीच्या तशी असली, तरी तुझ्या पद्धतीने दर पावहिश्शाहून जास्त उतरणार. फवारणीचा इथे काय संबंध?

म्हणून २०१४ च्या आधीच्या रुग्णांमधूनही पालघरचे तालुके वगळ. तालुकावार आकडे मिळाले नाहीत, तर ती वर्षं सोडून दे. अंदाजपंचे भरू नकोस. शिवाय २०११ नंतर घोडबंदर रोडला टॉवर उठले, दिव्यात चाळी वाढल्या. ती माणसं भाजकात नाहीत, त्यामुळे दर फुगतो. म्हणजे एक चूक खाली ओढते, दुसरी वर. दोन्ही एकमेकींना झाकतात आणि आलेख कसा छान गुळगुळीत दिसतो!

मग शहरातल्या वाढीचा अंदाज कुठून घ्यायचा? तुमच्या नागरी आरोग्य केंद्रात जा, आशाताईंची घरभेटीची रजिस्टरं बघायची परवानगी माग. पल्स पोलिओनंतर दारावर खडूने लिहिलेलं पाहिलं असशील : टीमचा नंबर, तारीख आणि पी किंवा एक्स. पी म्हणजे घरातल्या सगळ्या बाळांना डोस मिळाला, एक्स म्हणजे परत यायचंय. पाच वर्षांखालच्या मुलांची दारोदार फिरून केलेली मोजणी ती. सगळ्या लोकसंख्येचा आकडा त्यातून निघत नाही, पण कुठली वस्ती वाढली ते लगेच कळतं.

पत्ताही तपास. खारघरचा माणूस नवी मुंबई सांगतो, पण तो पनवेल महापालिकेत, रायगड जिल्ह्यात. पिनकोडवर विसंबू नकोस, तो टपाल खात्याच्या सोयीचा आहे, वॉर्डाच्या हद्दी पाळत नाही.

नावं, मोबाइल नंबर फाइलमधून आधी काढ. एथिक्स कमिटी तेच पहिलं विचारेल.

आणि रुग्ण मोजताना नुसती रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह आलेले वेगळ्या रकान्यात ठेव. सरकारी हिशेबात एलायझाने, म्हणजे प्रयोगशाळेतल्या रक्ततपासणीने, पक्के झालेलेच डेंगीचे रुग्ण धरतात. दोन्ही एकत्र केलेस, तर पुढच्या पत्रात ‘डेंगी अचानक का वाढली’ म्हणून विचारशील.