फुकटचं तिकीट कुणाला द्यायचं

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज मिळाला. नवी नोकरी, महिन्यातून दोनतीनदा विमान, मधूनच सिंगापूर, आणि प्रश्न काय तर ‘काका, तिसरं क्रेडिट कार्ड घेऊ का, लाउंज फुकट देतायत.’ कार्डाकडे येतो मी, पण त्याआधी एक सांग. तिकिटं ऑफिसचं ट्रॅव्हल डेस्क काढतं ना? मग त्यांच्याकडे तुझा विमान कंपनीचा मेंबरशिप नंबर दिलेला आहे का? नसणारच. म्हणजे गेले काही महिने तू उडते आहेस आणि माइल्स (प्रवासाबद्दल कंपनी देते ते पॉइंट, पुढे त्यांवर तिकीट निघतं) कुणाच्याच खात्यात पडत नाहीयेत. आजच त्यांना मेल टाक. आणि मागच्या प्रवासांचे माइल्सही मागून घे, बहुतेक कंपन्या काही महिन्यांपर्यंत तशी मुभा देतात. त्यासाठी ई-तिकिटाचा नंबर आणि बोर्डिंग पास लागतो. काउंटरवर मिळणारा पास थर्मल कागदावर छापलेला असतो. पर्समध्ये दोन महिने राहिला की अक्षरं उडून पांढरी पट्टी उरते. हातात आला की लगेच फोटो काढायचा, ही सवयच लावून घे.

मेंबरशिप उघडताना आपल्या लोकांची हमखास एक पंचाईत होते. पासपोर्टावर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात आपल्याकडे स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव अशी दोन्ही असतात. डेस्कवाला ती जोडून तिकिटावर एकसलग टाकतो, आणि खातं मात्र आपण नुसत्या नाव-आडनावावर उघडलेलं असतं. संगणकाच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसं, माइल्स अधांतरी. खातं पासपोर्टाबरहुकूम उघड. लग्नानंतर आडनाव बदलणार असशील (बदलायलाच हवं असं काही नाही, तुझ्या काकूने नाही बदललं) तर खात्यातही बदलून घे.

खाती किती, तर दोन पुरेत. एक आपल्या देशी कंपनीचं, एक परदेशी. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे. त्यात सिंगापूर एअरलाइन्स, लुफ्तान्सा, युनायटेड सगळ्या आल्या. यांच्यापैकी कुणाच्याही विमानात बसलीस तरी माइल्स याच गटातल्या दुसऱ्या कंपनीच्या खात्यात घेता येतात, फक्त एका प्रवासाचे एकाच खात्यात. ज्याचं विमान त्याचंच खातं असा हट्ट धरून लोक सहा ठिकाणी थोडे थोडे माइल्स पाडून ठेवतात आणि कुठल्याच ठिकाणी तिकिटापुरते होत नाहीत. तिकिटावर एक इंग्रजी अक्षर असतं, बुकिंग क्लासचं, तेही बघत जा. एकाच विमानात, शेजारशेजारच्या सीटवर, त्या अक्षराप्रमाणे कुणाला पूर्ण माइल्स मिळतात तर कुणाला पाव, आणि अगदी स्वस्तातल्या तिकिटाला कधीकधी शून्य.

आता हे प्रकरण मुळात काय आहे ते समजून घे, म्हणजे डोळे उघडे राहतील. अमेरिकेत १९७८ साली विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि कंपन्यांमध्ये गिऱ्हाइकांसाठी ओढाताण सुरू झाली. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ला ‘अ‍ॅडव्हांटेज’ हे माइल्सचं खातं सुरू केलं, लगोलग युनायटेडनेही आपलं काढलं. तेव्हाचा हिशेब सरळ होता, जितके मैल उडाल तितके माइल्स. मुंबई ते लंडन सुमारे साडेचार हजार मैल, म्हणजे खात्यात तेवढे जमा. तो जमाना गेला. डेल्टा आणि युनायटेडने २०१५ला, अमेरिकनने २०१६ला आणि आपल्या एअर इंडियाने २०२४ला तिकिटाला किती पैसे मोजले यावर पॉइंट द्यायला सुरुवात केली. तुझं तिकीट ऑफिस ऐन वेळी महागात काढतं, तेव्हा तुझ्या पथ्यावरच पडलं म्हण.

पण माइल्स काढणारी कंपनी तीच आणि त्यांचा भाव ठरवणारीही तीच, हे विसरू नकोस. बँकेतल्या ठेवीला व्याज मिळतं. इथे आज वीस हजार माइल्सना मिळणारं तिकीट उद्या सकाळी तीस हजार माइल्सचं झालेलं असतं आणि तुला एक ईमेल येतो, ‘आम्ही आमचा कार्यक्रम अधिक चांगला केला आहे.’ त्या ईमेलची भाषा जितकी गोड तितका फटका मोठा, हे माझं निरीक्षण. या पॉइंटांना त्यांच्या लेखी किती किंमत आहे बघ. २०२०मध्ये कोविडात विमानं जमिनीला लागली, तेव्हा युनायटेडने आपला माइल्सचा कार्यक्रम तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले, डेल्टाने ९ अब्ज. बँकांना माइल्स विकून येणारा पैसा इतका भरवशाचा, की कर्ज देणाऱ्यांनी तोच तारण म्हणून धरला.

आणि कंपनीच बुडाली तर? आपल्याकडे ते झालेलं आहे. किंगफिशर २०१२ला बसली आणि तिचे पॉइंट तिच्याबरोबरच गेले. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ला अमृतसरहून मुंबईला आलं. तिचा जेटप्रिव्हिलेज कार्यक्रम वेगळ्या कंपनीत होता म्हणून पॉइंट वाचले, पुढे त्याचं नाव इंटरमाइल्स झालं, पण ज्या विमानासाठी लोकांनी ते साठवले होते ते विमानच राहिलं नाही. विस्ताराच्या लोकांचं नशीब बरं. नोव्हेंबर २०२४मध्ये ती एअर इंडियात विलीन झाली आणि पॉइंट तिकडे, आताच्या महाराजा क्लबात, आले. शिवाय मुदतीचं असतंच. सिंगापूर एअरलाइन्सचे माइल्स तीन वर्षांनी जातात. तू नवीन जमवलेस म्हणून जुन्यांची मुदत वाढत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की माइल्स ही भाजी आहे, धान्य नव्हे. कोठारात भरून ठेवायची नाही, आणली की दोनचार दिवसांत फोडणीला टाकायची. आकडा पाच लाखांवर गेला म्हणून पेढे वाटणारी माणसं मला माहीत आहेत. त्यांचं एकही तिकीट निघालेलं मी पाहिलेलं नाही.

भाव कसा काढायचा? समजा एका प्रवासाचं तिकीट अडतीस हजारांना आहे. तेच पॉइंटांवर घेतलंस तर चोवीस हजार पॉइंट आणि वर आठ हजार रुपये कर. (हो, फुकटच्या तिकिटालाही कर असतो, आणि काही कंपन्या इंधन अधिभारही लावतात, तो बघून घे.) म्हणजे वाचले तीस हजार, पॉइंटला सव्वा रुपया. बरा सौदा. आता बिझनेस क्लासचं घे. तिकीट दोन लाख चाळीस हजार, पॉइंटांवर नव्वद हजार आणि पंधरा हजार कर. भागाकार केलास तर पॉइंटला अडीच रुपये येतात आणि यूट्यूबवरची मंडळी नाचायला लागतात. पण तू स्वतःच्या खिशातून अडीच लाख देऊन त्या सीटवर बसली असतीस का? नसतीस, तर ते वाचले कसे? आपण खरोखर जेवढे मोजले असते तेवढेच हिशेबात धरायचे. त्याच पॉइंटांचं मिक्सर किंवा गिफ्ट व्हाउचर घ्यायला गेलीस तर मात्र सहसा पॉइंटला पंचवीस-तीस पैसेच हातात येतात, तिकडे फिरकूही नकोस.

कार्डाबद्दल आता. नको घेऊस. आहेत ती दोन कार्डं पुरेत, आणि त्यांचं पूर्ण बिल दर महिन्याला तारखेच्या आत जाऊ दे, ‘मिनिमम ड्यू’ हे शब्द तुझ्यासाठी नाहीतच असं समज. थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, वर्षाचे चाळीसच्या वर, आणि त्या व्याजावर पुन्हा जीएसटी. पॉइंट मिळतात खर्चाच्या एकदोन टक्के. सिंगापुरात कार्ड घासलंस की साधारण साडेतीन टक्क्यांपर्यंत फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावरचा जादा आकार) कापतात, तिथेही पॉइंटांचा फायदा धुऊन जातो. लाउंजचं म्हणशील तर दोन रुपये कापून मिळणारा तो उपमा मीही खाल्लाय. हल्ली त्याच्यासाठी जी रांग असते त्यापेक्षा घरून पोळीभाजी नेलेली बरी.

एका गोष्टीत मात्र वरच्या दर्जाची मजा आहे. पुष्कळ उडून स्टार अलायन्सचा गोल्ड दर्जा मिळालाच, तर एक जादा बॅग नेता येते. परदेशात लेक असलेल्या घरांत त्या बॅगेचं मोल कळतं, भाजणी, मेतकूट, लोणचं, सगळं त्यात. पण नुसता दर्जा टिकवायला डिसेंबरात उगीच दिल्लीला जाऊन परत येणारे लोक असतात, त्यांच्यात जाऊ नकोस. दर्जा वर्षभरात उतरतो, आणि उतरला की विमानतळावर कुणी ओळख देत नाही.

तू विचारलंच नाहीस पण सांगतो, ऑफिसच्या पैशाने काढलेल्या तिकिटाचे माइल्स आपले का? खासगी कंपन्यांत बहुतेक ठिकाणी चालतं, तरी तुमच्या एचआरचं धोरण वाचून घे. सरकारी नोकरांना आपल्याकडे सरकारी दौऱ्याचे माइल्स खासगी प्रवासाला वापरता येत नाहीत. अमेरिकेने २००१च्या अखेरीस कायदा करून आपल्या नोकरांना ते ठेवायची परवानगी दिली. जर्मनीत मात्र २००२ साली यावरून मोठा गदारोळ झाला. सरकारी दौऱ्यांवर मिळालेले लुफ्तान्साचे बोनस माइल्स खासगी प्रवासाला वापरले म्हणून बर्लिनच्या राज्य सरकारातले अर्थव्यवस्था आणि कामगार खात्याचे मंत्री ग्रेगोर गिझी यांनी राजीनामा दिला, ग्रीन पक्षाचे जेम ओझदेमिर यांनाही पद सोडावं लागलं. आणखी एक पथ्य. दहा हजारांचं विमान सोडून आपल्या माइल्ससाठी ऑफिसला चौदा हजारांचं घ्यायला लावायचं नाही. ती चोरीच.

तर हे सगळं करून हाती काय लागतं? मला विचारशील तर पैसे वाचले याचा आनंद चार दिवस टिकतो. टिकून राहतं ते वेगळं. आमच्या पिढीच्या बायकांना विमानाचं तिकीट काढून देतो म्हटलं की पहिलं वाक्य, ‘एवढे पैसे कशाला घालवतोस, रेल्वे आहे की.’ माझ्या आईचंही तेच. पगार वाढला, घर झालं, तरी ती हटली नाही. मग एकदा सांगितलं की हे पॉइंटांवर मिळालंय, वापरलं नाही तर फुकट जाईल. ‘फुकट जाईल’ ऐकल्यावर ती लगेच तयार झाली. अन्न टाकायचं नाही, दोरा फेकायचा नाही, तसं तिकीटही वाया घालवायचं नाही. त्यानंतर ती बरीच फिरली. परतल्यावर वाड्यातल्या बायकांना सांगायची, ‘मुलाला कंपनीचं बक्षीस मिळालं.’ मी दुरुस्ती केली नाही.

दुसरं, अडीअडचणीला. रात्री फोन येतो, माणूस दवाखान्यात आहे, निघा. त्या वेळी रोखीचं तिकीट तिप्पट झालेलं असतं आणि माणूस भावाचा विचार करत बसतो, त्याची पुढे लाज वाटते. पॉइंटांचा भाव ज्या कंपन्यांत अजून तक्त्याप्रमाणे ठरलेला आहे, तिथे सीट शिल्लक असली तर आदल्या दिवशीही तेवढ्यातच मिळते. सगळीकडे तसं उरलेलं नाही. बऱ्याच ठिकाणी रोखीचा भाव चढला की पॉइंटही चढतात, गणपतीत गोव्यातल्या मोपाचं तिकीट बघ म्हणजे कळेल. तरी एका जाण्या-येण्यापुरते पॉइंट कायम बाजूला असू देत. भाजीतलं तेवढं लोणचं घालून ठेव.

तुझ्या आईने मागे माझ्याकडे काशीचा विषय काढला होता, रेल्वेने दिवसभर बसवत नाही म्हणाली. अमेरिकेच्या तिकिटापुरते माइल्स जमायला तुला वेळ लागेल, वाराणसीपुरते या वर्षात होतील. दिवाळी आणि देवदिवाळी टाळ, तेव्हा सीट मिळत नाहीत. माघात बघ. थेट विमान नसलं तर दिल्लीत किमान तीन तास हातात असू देत आणि व्हीलचेअर बुकिंग करतानाच माग. तिला गुडघ्यांचं विचारलंस तर ‘मी ठणठणीत आहे’ म्हणेल, लक्ष देऊ नकोस. आणि तिकीट काढायच्या आधी तिला विचारूच नकोस. काढ, हातात दे आणि सांग, आता रद्द केलं तर पॉइंट कापतात.

तुझा,
काका