भुईचाफा मेला नाही, झोपलाय

प्रश्न (कोथरूडहून): जुलैमध्ये आईने भुईचाफ्याचे कंद दिले. पावसाळ्यात पानं मस्त आली, पण फूल एकही नाही आणि आता डिसेंबरात सगळी पानं वाळली. रोज पाणी घालतेय तरी काही नाही. टाकून देऊ का?

उत्तर: अहो, अजिबात टाकू नका! आणि आधी ते पाणी बंद करा. भुईचाफा हळदीच्या कुळातला, थंडीत याची पानं वाळणारच, कंद मातीखाली झोपलेला असतो आणि तेव्हा रोज पाणी मिळालं तर तो कुजतो. कुंडी कोरड्या सावलीत सरकवा आणि वर नाव लिहून ठेवा, कारण वरून नुसती माती दिसते आणि घरातलं कोणीतरी रिकामी समजून त्यात मिरच्या लावतं. फेब्रुवारीअखेर हलक्या हाताने उकरून बघा, कंद टणक लागला की तो जिवंत आहे. तेव्हाच माती बदला, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कमी, वाळू नाहीतर विटांचा चुरा जास्त, मग थोडं थोडं पाणी सुरू करा. जागा सकाळच्या कोवळ्या उन्हाची हवी. जुलैत लावलात म्हणजे फुलांचा हंगाम उलटून गेला होता, म्हणून यंदा फूल नाही. एप्रिल-मेमध्ये एकही पान नसताना थेट मातीतून पांढरी-जांभळी फुलं वर येतात, काय वास असतो त्यांना! एकेक फूल फार टिकत नाही पण पाठोपाठ येत राहतात, आणि ती अगदी मातीलगत असतात म्हणून तेवढे दिवस कुंडी स्टुलावर ठेवा, नाहीतर बघायची राहून जातील. बारा महिने फुलणारी झाडं सगळ्यांकडे असतात, पण अशी वाट बघायला लावणारी एक तरी कुंडी घरात असावी असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न (सिंहगड रोडहून): नर्सरीत कोरांटी मिळत नाही. टेकडीवर पिवळी दिसते, उपटून आणू का?

उत्तर: प्लीज नको. टेकडीवरची टेकडीवरच राहू दे. पिवळी काटेरी असते, बाल्कनीत त्रासच होईल, त्यापेक्षा बिनकाट्यांची जांभळी लावा. कोणाच्या अंगणात असेल तर पावसाळ्यात फांदी मागून घ्या, सहज जगते. जानेवारीत एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन असतं, तिथल्या नर्सरीवाल्यांनाही विचारून बघा. बहर थंडीत, तो संपला की छाटा म्हणजे झाड भरगच्च होतं.

प्रश्न (औंधहून): कळलावी लावायची आहे, घरात दोन वर्षांची नात आहे. चालेल?

उत्तर: सध्या नका लावू. फूल देखणं आहे, पण सगळं झाड विषारी असतं, कंद तर जास्तच. नात मोठी होईपर्यंत वेलच हवा असेल तर गोकर्ण लावा.