कृषी सल्ला: वाळवंटाकाठी फळबाग लावण्याआधी एक मे महिना तिथे काढा

प्रश्न (पेडणे तालुका, गोवा): मी शिक्षक आहे, येत्या मार्चमध्ये निवृत्त होतोय. पत्नीला दमा आहे, आपल्या पावसाळ्यातल्या ओलीने तो फार वाढतो. कच्छमधील मांडवी किंवा राजस्थानातील बिकानेर अशा कोरड्या हवेच्या लहान गावी घर घ्यावं आणि दोन एकरांत खजूर, डाळिंब लावावं असं मनात आहे. गाव कोणतं निवडावं?

उत्तर: गुरुजी, बिकानेर लहान गाव नाही, मोठं शहर आहे. शुष्क फळांवर काम करणारी केंद्रीय संस्था तिथेच आहे, त्यामुळे शिकायला जागा उत्तम. राहायला मात्र कठीण. हिवाळ्यात पारा शून्याजवळ येतो, दव गोठतं आणि पपई, कोवळं लिंबू एका रात्रीत करपून जातं. उन्हाळ्याचं सांगायचं तर त्याच वाळवंटी पट्ट्यातल्या फलोदीला 19 मे 2016 रोजी 51 अंश तापमान नोंदलं गेलं. पेडण्यात साठ वर्षं काढलेल्या शरीराला ही दोन्ही टोकं झेपतील असं मला वाटत नाही. या दोघांत माझं मत मांडवीला. समुद्र जवळ असल्याने तिथला उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही जरा सौम्य. आपल्या मांडवी नदीचंच नाव, हा योगायोग मलाही आवडला, पण नावावर भाळून जमीन घ्यायची नसते.

दम्याबद्दल डॉक्टरांशी आधी बोला. कोरड्या हवेत भिंतीवरची बुरशी कमी होईल हे खरं, पण धूळ येईल, आणि धुळीनेही दमा उठतो. म्हणून माझा आग्रह आहे की काही विकत घेण्याआधी भाड्याच्या खोलीत पूर्ण मे महिना तिथे काढा. डिसेंबरात सगळ्यांनाच कच्छ आवडतं. घर गावातच असू द्या आणि बाग दहा-पंधरा किलोमीटरच्या आत. अवघड दुखणं निघालं तर भुज गाठावं लागतं, ते सुमारे 60 किलोमीटर. आणखी एक गोष्ट घर बघताना विसरू नका: कच्छ भूकंपाच्या मोठ्या धोक्याच्या पट्ट्यात येतो. 26 जानेवारी 2001 ला तिथे काय झालं ते आपण सर्वांनी पाहिलं. घर त्यानंतरचं आणि भूकंपाचा विचार करून बांधलेलं आहे ना, हे अभियंत्याकडून तपासून घ्या.

आता पाणी. फळझाडापेक्षा आधी पाणी निवडायचं असतं, आणि गोव्यातल्या माणसाला हे सांगूनही पटत नाही. कच्छात वर्षाला साधारण 350 ते 400 मिलिमीटर पाऊस. आपल्या वाळपईत जुलैच्या एखाद्या जोरदार आठवड्यात तेवढा होतो. शिवाय तो लहरी, एखाद्या वर्षी जवळजवळ नाहीच. पिण्यासाठी छतावरचं पावसाचं पाणी टाक्यात साठवता येतं. 100 चौरस मीटरच्या छतावर 350 मिलिमीटर म्हणजे 35 हजार लिटर. गळती धरून 28 हजार तरी टाक्यात उतरेल. दोन माणसांना पिण्या-रांधण्याला रोज 20 लिटर धरले तर वर्षाला 7,300 लागतात. बागेचं मात्र त्यावर भागणार नाही, ती बोअरवर. किनाऱ्याजवळ उपसा वाढला की समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत सरकतं. नर्मदेचा कालवा मांडवी तालुक्यापर्यंत 2022 मध्ये पोचला आहे, तरी आपल्या बांधावर पाणी प्रत्यक्ष वाहताना दिसेपर्यंत ते हिशेबात धरू नका.

म्हणून बोअरचं पाणी मे महिन्यात, पातळी सर्वांत खाली असताना तपासून घ्या. अहवालात क्षारतेचा आकडा डेसीसीमेन्स प्रति मीटर असा येतो. पाण्याची क्षारता 2.7 च्या आत असेल तर खजुराचं उत्पन्न घटत नाही, त्याहून जास्तही तो सोसतो. बोरही काटक. डाळिंब मध्यम. लिंबू-संत्रं मात्र एक-सव्वाच्या पुढे कुरकुरू लागतं. माती बघायची तर पुरुषभर खड्डा खणा. खाली चुनखडीचा कडक थर लागला तर ती जमीन सोडून द्या, मग भाव कितीही स्वस्त असो.

खजुराबद्दल एक गैरसमज दूर करतो. वाण्याकडून आपण आणतो ती वाळलेली खारीक कच्छात होत नाही. झाडावर फळ पूर्ण पिकून वाळायच्या आत पाऊस येतो, म्हणून जून-जुलैत पिवळी किंवा लाल, करकरीत ताजी फळंच उतरवतात. तीच ‘कच्छी खारेक’; 2024 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पाऊस आठ दिवस लवकर आला तर वर्षाची कमाई धोक्यात येते. बियांपासून रोपं करू नका, त्यांत निम्मे नर निघतात आणि ते कळेपर्यंत पाच-सहा वर्षं जातात. बरही जातीची टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत ऊतींपासून वाढवलेली) रोपं घ्या, तीन-चार वर्षांत फळ दिसतं. तीस माद्यांमागे दोन-तीन नर पुरतात. परागीकरण मात्र हातानेच करावं लागतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये. सुरुवातीला घोस हाताला येतात, पण झाड वर जाईल तसे तुम्हीही सत्तरीकडे जाणार. आपल्याकडे माडाला पाडेली मिळेना झालाय, तिथे चढणारा मजूर कोण, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

दोन एकर नको, एकच घ्या. अर्ध्यात 8 बाय 8 मीटरवर तीसेक खजूर. उरलेल्यात बोर: गोला, सेब अशा जातींची कलमं 6 बाय 6 मीटरवर. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ, जानेवारी ते मार्च काढणी, आणि मे महिन्यात पानं झडली की छाटणी. फळमाशी आणि भुरी या बुरशीरोगावर लक्ष ठेवावं लागतं, पण या वयात नुकसान पचवू देणारं झाड हेच. कुंपणाला भोकर लावा. त्याला तिथे गुंदा म्हणतात आणि लोणच्यासाठी लोक शोधत येतात. डाळिंबाचा नाद पहिली तीन वर्षं नको. पाणी एकदा कमी, एकदा जास्त झालं की फळ तडकतं, शिवाय फवारणीचं वेळापत्रक पाळताना तुमची निवृत्ती संपून जाईल.

कागदांचं. गुजरातमध्ये शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. ‘गोव्याचा एक-चौदाचा उतारा (आपला सातबारासारखा जमिनीचा दाखला) दाखवला की झालं’ असं दलाल सांगेल. तिथल्या महसूल कार्यालयाचं लेखी उत्तर हातात येईपर्यंत बयाणा देऊ नका. आणि इथलं भातशेत विकून पैसा उभा करायचा बेत असेल तर 2023 च्या कायद्याने ते शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही. मी तर म्हणेन, विकूच नका. तिथलं नाही जमलं तर परत यायला जागा हवी, आणि शेतकरी असल्याचा पुरावाही तोच.

प्रश्न (सत्तरी तालुका): मग खजूर आमच्या डोंगरउतारावर का लावू नये?

उत्तर: झाड वाढेल, शोभेला छान दिसेल. पण फळ भरायच्या वेळी आपला मृग सुरू होतो आणि घोस कुजतात. त्या उतारावर काजूच बरा. चतुर्थीनंतर कार्यालयात या, जागा पाहून कलमांची संख्या ठरवू.