पी६३ निगेटिव्ह, मग कर्करोग कसा?

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. रक्तात पीएसए (प्रोस्टेटमधून येणारं प्रथिन) ९.२ आला म्हणून प्रोस्टेटची बायोप्सी केली. आधी ‘संशयास्पद, आयएचसी करावी’ असा रिपोर्ट मिळाला (आयएचसी म्हणजे तुकड्यातली ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणारी तपासणी). आठवड्याने दुसरा आला : पी६३ निगेटिव्ह, एएमएसीआर पॉझिटिव्ह, ग्लीसन ३+३=६. यातलं खरं कोणतं धरायचं? आणि पुन्हा सुई न टोचता ही तपासणी झाली कशी?
– एक वाचक, मिरज

उत्तर : पी६३ आणि एएमएसीआर, दोन्ही निकाल एकच गोष्ट सांगताहेत : कर्करोग. घोळ ‘निगेटिव्ह’ या शब्दाने झाला. रक्ताच्या रिपोर्टात तो दिसला की आपल्याला हायसं वाटतं. इथे मात्र तो चांगली बातमी नाही.

प्रोस्टेटमधल्या निरोगी ग्रंथीला आत स्राव करणाऱ्या पेशी आणि बाहेरून बेसल पेशींची कड असते. कर्करोगाच्या ग्रंथीत ही कड नाहीशी होते. पी६३ हे प्रथिन बेसल पेशींच्या केंद्रकात असतं. आयएचसीत ते तपकिरी रंगतं, म्हणून निरोगी ग्रंथीभोवती तपकिरी ठिपक्यांची माळ दिसते, कर्करोगाच्या ग्रंथीभोवती काहीच नाही. एएमएसीआर हे दुसरं प्रथिन उलट : कर्करोगाच्या पेशींत ते सहसा वाढतं.

सुई पुन्हा लागत नाही, कारण पहिलाच तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये जपलेला असतो. त्याचे सुमारे ४ मायक्रॉन जाडीचे काप काढतात, मेण उतरवतात, गरम बफरमध्ये ठेवून प्रथिनं ‘उघडी’ करतात, मग त्यांवर हव्या त्या प्रथिनालाच चिकटणारं प्रतिपिंड आणि रंग.

बिघडतं कुठे? संशयास्पद जागा कधीकधी अर्धा मिलिमीटरसुद्धा नसते आणि नवे काप काढता काढता ती संपून जाते. म्हणूनच काळजी घेणाऱ्या प्रयोगशाळा मधले काही काप सुरुवातीलाच न रंगवता बाजूला ठेवतात. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (पेशी टिकवणाऱ्या द्रावणात) निदान ६ तास मुरावा लागतो. लगेच फॉर्मॅलिन न मिळता तो कोरडा पडला किंवा सलाइनमध्ये राहिला, तर रंगावर भरवसा राहत नाही. सर्वांत महत्त्वाची खूण त्याच स्लाइडवर असते : शेजारच्या निरोगी ग्रंथींची कड तपकिरी झालीच पाहिजे. तीही कोरी असेल तर निकाल ‘निगेटिव्ह’ नव्हे, तपासणी फसली.

एकट्या एएमएसीआरवर निदान करू नये. कर्करोगपूर्व बदलांत, क्वचित साध्या ग्रंथींतही ते दिसतं, आणि काही कर्करोगांत दिसत नाही. ग्रंथींची रचना आणि पेशींचं रूप हाच मुख्य पुरावा. पी६३, एएमएसीआर असे मार्कर त्याला दुजोरा देतात. रोग किती आक्रमक आहे हे पी६३ सांगत नाही, ते ग्लीसनवरून, म्हणजे ग्रंथींच्या रचनेला दिलेल्या गुणांवरून, ठरतं.

तुमच्या रिपोर्टातला ३+३ म्हणजे ग्रेड ग्रुप १, सर्वांत खालची पायरी. किती कोरमध्ये (सुईने काढलेल्या तुकड्यांत) आणि किती मिलिमीटर रोग आहे, हे रिपोर्टात शोधा. नसेल तर लिहून मागा. दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता कागद नेऊ नका. सगळ्या स्लाइड, आयएचसीच्या स्लाइडसुद्धा, आणि ब्लॉक सोबत न्या. मग युरॉलॉजिस्टना थेट विचारा, ‘लगेच उपचार, की देखरेख?’ या पायरीवर पीएसए, एमआरआय आणि ठरावीक काळाने बायोप्सी करत देखरेख ठेवणं हा अनेकांसाठी पहिला पर्याय असतो.