कुठल्या कंपनीचा कॉम्प्युटर टिकतो? आणि विंडोज, मॅक की लिनक्स?

तुम्ही विचारलंय की मुलीला यंदा वालचंद कॉलेजात कॉम्प्युटरला प्रवेश मिळालाय, सांगलीत तुमचं किराणा होलसेलचं दुकान आहे आणि दुकानाच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर टॅलीही याच खरेदीत मार्गी लावायचंय. तर डेल, एचपी, लेनोवो, ॲपल यांत भरवशाचं कोण, आणि सिस्टिम कुठली घ्यावी? मी विश्रामबागेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. सगळ्याच कंपन्यांची मशिन्स माझ्या टेबलावर उघडी होतात, त्यामुळं आतून जे दिसतं त्यावरून सांगतो.

कंपनीचं नाव बाजूला ठेवा आणि आधी मालिका बघा. डेलचं इन्स्पिरॉन आणि डेलचंच लॅटिट्यूड, एचपीचं पॅव्हिलियन आणि एलिटबुक, लेनोवोचं आयडियापॅड आणि थिंकपॅड, या जोड्यांमध्ये (पहिलं नाव घरगुती मालिकेचं, दुसरं ऑफिसांसाठीच्या बिझनेस मालिकेचं) जेवढा फरक आहे तेवढा डेल आणि एचपी यांच्यात नाही. डेलनं २०२५ पासून नव्या मशिन्सवरची ही नावं बदललीत. तासगावात एकाच बागेतली द्राक्षं निर्यातीसाठी वेगळी निवडतात आणि गावच्या बाजारासाठी वेगळी, तसंच हे आहे. त्यातून पुष्कळसे लॅपटॉप क्वांटा, कॉम्पल अशा तैवानी कंपन्या बनवून देतात, आणि एकाच कंपनीकडून दोन-तीन ब्रँडचा माल तयार होतो. कंपन्या मोठ्या ऑफिसांना जो माल विकतात तो वेगळ्या हिशोबानं बनवलेला असतो, कारण तिथं एका वेळी शेकडो मशिन्स जातात आणि ती वारंवार बिघडली तर पुढची ऑर्डर मिळत नाही.

हा फरक नेमका कुठं दिसतो? हिंजमध्ये, म्हणजे स्क्रीन उघडते-मिटते त्या बिजागरीत. घरगुती लॅपटॉपची माझ्याकडे येणारी नेहमीची तक्रार हीच. या लॅपटॉपमध्ये हिंजचे स्क्रू ज्या पितळी नटांत बसतात, ते नट नुसते प्लॅस्टिकमध्ये दाबून बसवलेले असतात. वापरून हिंज जड होतं. आपण एका कोपऱ्याला धरून स्क्रीन उचलतो. एक दिवस नट प्लॅस्टिकसकट उपटून येतो, मग बॉडी फुगते, स्क्रीनची केबल ओढली जाते आणि डिस्प्लेला रेघा येतात. प्रोसेसर, रॅम, एसएसडी (डेटा साठवायची नवी, वेगवान डिस्क) सगळं ठणठणीत असतं, पण मशिन हातात धरवत नाही. बिझनेस मालिकेत हिंज बहुतेक वेळा धातूच्या फ्रेमला आवळलेलं असतं. काही मॉडेलांत कीबोर्डवर सांडलेलं पाणी खाली निघून जायला वाट ठेवलेली असते. कुठला स्क्रू कुठं बसतो हे सांगणारं दुरुस्तीचं पुस्तक या तिन्ही कंपन्या आपल्या साइटवर फुकट देतात, आणि सुटे भाग बाजारात वर्षानुवर्षं मिळत राहतात. माझ्या लेखी टिकाऊपणाचा हा मोठा भाग आहे. कधीच बिघडत नाही असं मशिन नसतं, बिघडल्यावर सांगलीत उभं राहतं का ते बघायचं. एक काळजी मात्र घ्या, हल्लीच्या पातळ बिझनेस मॉडेलांतही रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असू शकते. नंतर वाढवता येईल का, हे घेण्याआधी विचारा.

आणि ज्याचा एकही माल कधी खराब निघाला नाही असा ब्रँड नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत खराब कपॅसिटरमुळं अनेक कंपन्यांचे मदरबोर्ड गेले, डेलचे ऑप्टिप्लेक्ससुद्धा. ॲपलच्या २०१५ ते २०१९ दरम्यानच्या मॅकबुकांमधला बटरफ्लाय कीबोर्ड इतका अडायचा की २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली. म्हणून शेजाऱ्याचा दहा वर्षांपूर्वीचा अनुभव ऐकून नावावर फुली मारू नका.

ॲपलबद्दल सरळ सांगायचं तर २०२० च्या अखेरीस एम१ चिप आल्यापासून मॅकबुक एअर हे फार चांगलं मशिन झालंय. त्याला पंखाच नाही, त्यामुळं पंख्यात धूळ अडकून मशिन तापायचा प्रश्न मिटला. बॅटरी कॉलेजचा अख्खा दिवस पुरते. पण रॅम नंतर वाढत नाही, स्टोरेज बोर्डावरच असतं, आणि चहा सांडून बोर्ड गेला तर डेटासुद्धा त्याच्यासोबत जाण्याची भीती असते. खर्चही मोठा येतो. हे मान्य असेल तर जरूर घ्या.

आता सिस्टिम. आजच्या घडीला विंडोज, मॅक, लिनक्स तिन्ही आपापल्या जागी स्थिर आहेत. विंडोज सारखी हँग होते असं म्हणणाऱ्यांचं मशिन उघडलं की आत बहुधा जुनी हार्ड डिस्क किंवा चोरीचं सॉफ्टवेअर सापडतं. जगभरातल्या निळ्या स्क्रीनचा मोठा प्रसंग १९ जुलै २०२४ चा. विमानतळ, बँका, दवाखाने ठप्प झाले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं सुमारे ८५ लाख विंडोज मशिन्स त्यात अडकली होती, आणि कारण होतं क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा सदोष अपडेट. सिस्टिमच्या गाभ्यापर्यंत पोचणारं बाहेरचं सॉफ्टवेअर जेवढं कमी, तेवढी सिस्टिम शांत चालते. तीन-तीन अँटिव्हायरस टाकून घेणाऱ्यांना मी हेच सांगतो.

त्यामुळं सिस्टिम कामावरून ठरवा. टॅलीप्राइम विंडोजवर चालतं, त्याची मॅक किंवा लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती नाही. डिजिटल सहीचं टोकनसुद्धा विंडोजवर कमी कटकटीत चालतं. म्हणजे दुकानासाठी हा प्रश्न मिटलाच. आपल्याकडच्या छापखान्यांचंही तसंच आहे. श्री-लिपीच्या जुन्या मराठी फाँटांत आणि पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली लग्नपत्रिकांची, अहवालांची वर्षानुवर्षांची कामं त्यांच्याकडे पडून आहेत, ती उघडायला विंडोज लागतंच. नव्यानं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे वाचता येणाऱ्या मराठी अक्षरांत, लिहिणाऱ्याला मात्र काही अडत नाही, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिन्हींत आहे.

मुलीला लिनक्स शिकावंच लागेल. जगातले बहुतेक सर्व्हर त्यावर चालतात. पण त्यासाठी विंडोज पुसायची गरज नाही. विंडोज ११ च्या आत डब्ल्यूएसएल नावाची सोय आहे, तिथं उबंटू हे लिनक्स टाकून अभ्यास होतो. तिला फक्त आयफोनची ॲप बनवायची असतील तर मॅकला पर्याय नाही, कारण ती बनवायचं ॲपलचं सॉफ्टवेअर, एक्सकोड, मॅकवरच चालतं. आणि घरात जुना कॉम्प्युटर असेल तर तो भंगारात घालू नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशिनमध्ये लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. त्याआधीच्या मशिनवर एसएसडी बसवून लिनक्स मिंट टाकलं की इंटरनेट, पत्रव्यवहार, व्हिडिओ यासाठी ते छान चालतं.

ब्रँडपेक्षा जास्त मशिन्स मारते ती आपल्याकडची वीज. वळवाचा पाऊस सुरू झाला की माझ्याकडे लॅन पोर्ट (इंटरनेटची वायर लावायची जागा) जळालेले कॉम्प्युटर येऊ लागतात. लोक प्लग काढतात, पण गच्चीवरून आलेली ब्रॉडबँडची वायर तशीच राहते आणि तिच्यातून झटका येतो. ढग गडगडले की दोन्ही काढा. दुकानात अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मीटरवर दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर आधी ते नीट करा. लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीला हात लावल्यावर मुंग्या येतात, त्याचंही मूळ बहुतेकदा अर्थिंगमध्येच असतं.

आणि सांगलीत राहून पुराचा विचार न करता कॉम्प्युटर घेऊ नये. २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फुटांची असताना. त्या पाण्यात बुडालेल्या मशिन्समध्ये कुठलाच ब्रँड वाचलेला मी पाहिला नाही. ज्यांनी घाईनं चिखलातली मशिन्स पुसून चालू करून बघितली, त्यांचं जास्त नुकसान झालं. न चालू करता डिस्क काढून दिली तर डेटा परत मिळण्याची आशा असते. पाणी शिरल्यावर साधी वॉरंटी लागू होत नाही. टॅलीचा बॅकअप रोज पेन ड्राइव्हवर, आणि दुकानापासून लांब आणखी एका ठिकाणी, एवढं झालंच पाहिजे.

तर माझा सल्ला असा की दोन्ही कामं एका लॅपटॉपवर ठेवू नका. मुलगी लेक्चरला गेली की दुकानाची खातेवहीही तिच्या बॅगेत जाईल. दुकानाला विंडोजचा साधा डेस्कटॉप आणि यूपीएस घ्या, आणि तो काउंटरच्या खाली न ठेवता वर ठेवा. तिच्यासाठी बिझनेस मालिकेतला लॅपटॉप, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी. नवा परवडत नसेल तर पुण्या-मुंबईच्या ऑफिसांतून निघालेले लॅटिट्यूड किंवा थिंकपॅड रीफर्बिश्ड, म्हणजे वापरलेले पण तपासून-दुरुस्त केलेले, मिळतात. घरगुती मालिकेतल्या कोऱ्या मशिनपेक्षा मी तेच निवडेन, फक्त नवी बॅटरी धरून हिशोब करा.

नवा घेतलात तर ऑनसाइट वॉरंटी आणि अपघाती नुकसानीचं संरक्षण, दोन्हींचे पैसे द्या. इंजिनिअर सांगलीत येतो की मशिन कोल्हापूर-पुण्याला पाठवावं लागतं, ते बिल करण्याआधी विचारा. आणि दुकानातच उभं राहून खोक्यावरचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाका. वॉरंटीची तारीख आधीच सुरू झालेली दिसली तर दुसरं खोकं मागा.