किडनीसाठी अँटीऑक्सिडंट कॅप्सूल द्यायच्या का?

प्रश्न : बाबांचं क्रिएटिनिन (किडनी किती काम करतेय ते सांगणारी रक्ततपासणी) १.९ आलंय, औषधं चालू आहेत. कुणीतरी म्हणालं हळदीतल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल द्या, किडनी वाचते. देऊ का?

उत्तर : लगेच नको. म्हणजे यामागची कल्पना काही खोटी नाही हं, हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा किडनीकडे जातो आणि तिथल्या नलिकांच्या पेशी मायटोकॉन्ड्रियाने (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांनी) ठासून भरलेल्या असतात, त्यामुळे फ्री रॅडिकल्सचा, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या रेणूंचा, मार तिथे लवकर बसतो; कर्क्युमिनसारखी अँटीऑक्सिडंट तो मार थोपवतील अशी आशा असते. उंदरांना सिस्प्लॅटिन (कॅन्सरचं औषध) किंवा जेंटामायसिन (अँटिबायोटिक) देऊन किडनी बिघडवायची आणि सोबत कर्क्युमिन किंवा क्वेर्सेटिन (वनस्पतींतलं आणखी एक अँटीऑक्सिडंट) द्यायचं, असे प्रयोग ढिगाने झालेत आणि बऱ्याच ठिकाणी इजा कमी दिसली. पण तिथे अर्क बहुतेक वेळा इजेच्या आधीच दिलेला असतो, बाबांची किडनी मात्र हळूहळू थकत आलीय, हा फरक मोठाय! त्यात कर्क्युमिन आतड्यातून नीट शोषलंच जात नाही.

आणि वनस्पतीचं आहे म्हणजे निरुपद्रवी, हे तर डोक्यातून काढाच. हळदीच्या सप्लिमेंटमध्ये ऑक्झलेट नावाचा क्षार असतो, जास्त डोस घेऊन किडनीत त्याचे स्फटिक साचून इजा झाल्याच्या केसेस आहेत. १९९३ मध्ये बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या वनस्पती घेऊन बायकांच्या किडन्या निकामी झाल्याचं समोर आलं, कारण त्यात ॲरिस्टोलोकिक ॲसिड हे किडनीला विषारी द्रव्य होतं.

स्वयंपाकातली चिमूटभर हळद चालू दे, तिचं टेन्शन नको. कॅप्सूलची बाटली मात्र लेबलसकट नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) दाखवा, आणि अंगदुखीसाठी बाबा परस्पर पेनकिलर घेतात का तेही विचारा, त्यानेही किडनी बिघडू शकते, म्हणून माझ्या मते आधी ते बघायला हवं.