नर नाही, मग ऑपरेशन कशाला?

"मावशी, आमची सशीण चिंगी ३ वर्षांची आहे. हल्ली छातीचे केस उपटते आणि कोपऱ्यात कागद गोळा करते. डॉक्टर म्हणाले, गर्भाशय काढून टाका. नवरा म्हणतो, घरात नर नाही तर ऑपरेशन कशाला? सासूबाई म्हणतात, मुक्या जिवाला कापू नकोस, एकदा पिल्लं होऊ दे, शांत होईल. मला भीती एकच : टेबलावरच गेली तर लेकीला काय सांगू?"
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

अगं, नवऱ्याचा प्रश्न रास्त आहे. पण सशिणीचं गर्भाशय काढतात ते नुसतं पिल्लं नकोत म्हणून नाही. तिथल्या कॅन्सरला नराशी काही देणंघेणं नसतं. वय वाढेल तसा तो वाढतो. काही जातींत तर ४ वर्षांपुढच्या निम्म्याहून जास्त माद्यांत सापडलाय. पिल्लं झाल्यानं तो टळत नाही, हे सासूबाईंना हळूच सांग. आणि तिसऱ्या वर्षी पहिलं बाळंतपण, वर पाच-सहा पिल्लांना घरं शोधायची, ती कोण शोधणार?

केस उपटणं म्हणजे खोटं गाभण राहणं. नर नसतानाही होतं, दोन-अडीच आठवड्यांत ओसरतं. त्यासाठी घाई नको. लघवीत रक्त दिसलं तर मात्र त्याच दिवशी दाखव.

आता तुझी भीती. ती खोटी नाही. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत भुलीनंतर दगावण्याचं प्रमाण निरोगी सशांत शंभरात एकाच्या आत होतं, आजारी धरून दीडच्या आत. कुत्र्यांपेक्षा ते बरंच जास्त. तरी मी असते तर केलं असतं, आत्ताच, ती धडधाकट आहे तोवर. पण एका अटीवर : डॉक्टर सशांचा सराव असलेला हवा. म्हशी आणि कुत्री उत्तम बघणारा माणूस सशाला जमेलच असं नाही.

ओळखायचं कसं? विचार, "आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवू का?" 'हो' म्हणाले, तर नमस्कार करून घरी ये. ससा ओकू शकत नाही, त्याला उपाशी ठेवायचं कारणच नाही; उलट आतडं थंडावतं आणि तेच जिवावर बेततं. मग विचार, आधी छातीचा एक्स-रे काढणार का, नंतर वेदनाशामक किती दिवस देणार. अमॉक्सिसिलिन तोंडाने द्यायचं म्हणाले तरी नको म्हण, सशाला ते घातक ठरतं. इथे खात्रीचं कुणी सापडलं नाही तर महामार्गावर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे फोन करून विचार. चैत्र-वैशाखात न्यायची झाली तर पहाटेच निघा, उकाडा सशाला सोसत नाही. कुणीच मिळालं नाही, तर अर्धवट हाती देण्यापेक्षा थांब, आणि दर सहा महिन्यांनी तपासून घे.

लेकीला मात्र सगळं आधीच सांग, धोक्यासकट. आठ-दहा वर्षांच्या पोरींना कळतं. लपवलेलं तर त्याहून लवकर कळतं. घरी आणल्यावर चिंगीपुढे वाळलं गवत आणि मेथीची कोवळी पानं ठेव. बारा तासांत तोंड लावलं नाही किंवा लेंड्या थांबल्या, तर रात्र असली तरी डॉक्टरांना उठव. लेंड्या मोजायचं काम लेकीकडे दे, वही-पेन्सिल घेऊन. पहिली पडली की मला कळवायला सांग.